मराठी ब्लॉग आणि ब्लॉगरांचा गोतावळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००८ पासून मराठीत ब्लॉग लिहिते आहे. तेव्हापासून मेलवर, फोनवर आणि प्रत्यक्ष भेटींत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. कायद्याशी संबंधित उत्तरं माहितीपुरती आहेत. प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं असेल तर वकिलालाच गाठा.

१. मी फेसबुकवर नियमित लिहितो. मग मला वेगळा ब्लॉग कशाला हवा?

ब्लॉग म्हणजे तुमच्या स्वतःच्या पत्त्यावर, तारीखवार साठत जाणारं लेखन. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ मधला, त्याचा 'ब्लॉग' झाला १९९९ मध्ये. त्याच वर्षी ब्लॉगर ही सेवा सुरू झाली. २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली आणि त्याच साली वर्डप्रेसही आलं. मराठीत कोणी अनुदिनी म्हणतं, कोणी जालनिशी. मला 'जालनिशी' आवडतो, पण बोलताना सगळे ब्लॉगच म्हणतात.

फरक कळतो तो काही वर्षांनी. फेसबुकवर तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं तुमचं तुम्हालाच सापडत नाही. ब्लॉगवर २००९ मध्ये लिहिलेली पाककृती किंवा किल्ल्याची वाट आजही कोणीतरी शोधत येतं आणि खाली प्रश्न विचारून जातं. फेसबुक सोडा असं मी म्हणत नाही. लेख ब्लॉगवर ठेवा आणि फेसबुकवर त्याचा दुवा द्या.

२. मराठी ब्लॉगरांचा हा गोतावळा जमला कसा? आम्ही उशिरा आलो, आम्हाला काहीच माहीत नाही.

मुळं ब्लॉगच्याही आधीची आहेत. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९९६ मध्ये मायबोली हे संकेतस्थळ सुरू केलं. तेव्हा जालावर देवनागरी वाचायची तर त्या त्या स्थळाचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती चौकोनं आणि चिन्हं दिसत. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची एकच संगणकीय पद्धत, घराघरांतल्या संगणकांवर पोचलं आणि चित्र पालटलं. बरहा, गमभन यांसारख्या साधनांमुळे इंग्रजी कळफलकावरून उच्चाराप्रमाणे मराठी टंकता येऊ लागलं. मग लेखनाची आणि चर्चेची आणखी संकेतस्थळं निघाली : २००४ मध्ये मनोगत आलं, २००७ मध्ये उपक्रम आणि मिसळपाव, २०११ मध्ये ऐसी अक्षरे. या ठिकाणी लिहितं झालेल्या अनेकांनी पुढे स्वतःचा ब्लॉग काढला, आणि ब्लॉगवाल्यांपैकी अनेक जण इथे येऊन वाद घालू लागले. माणसं दोन्हीकडे तीच होती.

ब्लॉग सुटे सुटे असतात. त्यांना एकत्र आणलं 'मराठी ब्लॉग विश्व'सारख्या याद्यांनी. कोणत्या ब्लॉगवर आज नवं काय आलं ते तिथे एका पानावर दिसे. दुसरी गोष्ट म्हणजे 'खो'. एक ब्लॉगर एखादा विषय किंवा प्रश्नांची यादी घेऊन लिहायचा आणि शेवटी पाच जणांना खो द्यायचा. त्या पाचांनी लिहायचं आणि पुढे खो द्यायचा. माझी निम्मी ओळखपाळख या खोमुळे झाली. ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या आवडत्या कविता आणि शाळेतल्या आठवणी मला ठाऊक होत्या.

मग बाहेरच्या जगानेही दखल घेतली. तेव्हाच्या स्टार माझा वाहिनीने 'ब्लॉग माझा' ही स्पर्धा घेतली. २०१० मध्ये पुण्यात आणि मुंबईत ब्लॉगरांचे मेळावे झाले. 'रेषेवरची अक्षरे' या दिवाळी अंकात वर्षभराच्या ब्लॉगलेखनातलं निवडक वाचायला मिळू लागलं. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकाची परंपरा अशी ब्लॉगपर्यंत आली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ओहोटी लागली ती फेसबुकमुळे, असं सरसकट म्हटलं जातं. माझ्या मते मोठा घाव १ जुलै २०१३ ला बसला. त्या दिवशी गूगल रीडर बंद झालं. पन्नास ब्लॉग एका जागी वाचण्याची सोय गेली, आणि बहुतेकांनी दुसरं साधन शोधलंच नाही. लिहिणारे नंतर थांबले, आधी वाचणारे पांगले.

३. मोबाइलवर मराठी टंकताना काय सांभाळावं?

मोबाइलच्या कुठल्याही मराठी कळफलकावर लिहा, पण दोन ठिकाणी लक्ष द्या. एक, 'दऱ्या' आणि 'दर्या'. पहिल्या म्हणजे डोंगरातल्या, दुसरा म्हणजे समुद्र. सह्याद्रीवर लिहिणाऱ्याने 'दर्या' लिहिलं तर अर्थ बुडालाच. अर्धा 'ऱ' कळफलकावर कुठे आहे ते एकदा शोधून ठेवा.

दुसरं, 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ आणि अर्धचंद्र जोडून काम भागवत. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत. स्वतःच्या ब्लॉगवर जुना लेख शोधूनही मिळत नसेल तर आधी हे तपासा.

४. प्रमाण मराठीतच लिहायला हवं का? माझी भाषा मालवणी आहे.

मालवणीत लिहा. अहिराणीत, वऱ्हाडीत लिहा. छापील नियतकालिकात संपादक असतो, जागेची मर्यादा असते. ब्लॉगवर ही अडचण नाही. आजीच्या तोंडचे शब्द जसे होते तसे उतरवून ठेवायला याहून मोकळी जागा मला माहीत नाही. एवढंच करा, की बाहेरच्या वाचकाला न कळणाऱ्या शब्दांचे अर्थ लेखाच्या शेवटी द्या. शुद्धलेखनाच्या चुका मात्र वेगळी गोष्ट. त्या कोणी दाखवल्या तर आभार माना आणि दुरुस्त करा.

५. आमच्या तालुक्याच्या गावाबद्दल लिहावंसं वाटतं. पण ते वाचणार कोण?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

पुणे-मुंबईवर लिहिणारे शेकडो आहेत. तुमच्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, जत्रेत पालखीचा मान कोणत्या वाड्याकडे, नदीवरचा जुना पूल कधी पडला, बाजारपेठेत कल्हईवाल्याचं दुकान कुठे होतं, हे लिहिणारे तुम्ही एकटेच असाल. म्हणून गावाचं नाव टंकून शोधणारा माणूस थेट तुमच्याकडेच येतो. तो बहुधा गावात राहत नाही. डोंबिवलीत असतो, चिंचवडला असतो, दुबईत किंवा न्यू जर्सीत असतो. तो लिहितो, "पूल त्या साली नाही, त्याच्या आदल्या पावसाळ्यात पडला, मी तेव्हा चौथीत होतो." मग दुसरा येऊन त्याला ओळखतो. वीस प्रतिसादांत गावाचा असा तुकडा उभा राहतो, जो कुठल्याही पुस्तकात नाही.

अशा लेखनाचा उपयोग पाहायचा असेल तर सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे ब्लॉग वाचा. टाक्यातलं पाणी मार्चमध्ये पिण्याजोगं राहतं का, शेवटची एसटी किती वाजता सुटते, कातळातल्या कोणत्या पायऱ्या तुटल्या आहेत, रात्री देवळात झोपता येतं का. पुढच्या माणसाचा जीव यावर अवलंबून असतो, म्हणून हे ब्लॉगर एकमेकांची माहिती तपासतात, चूक असेल तर स्पष्ट सांगतात आणि तारीख घालून दुरुस्ती करतात. गावावर लिहिताना हीच शिस्त धरा. ऐकीव गोष्ट असेल तर "असं सांगतात" म्हणा, पाहिलेली असेल तर कधी पाहिली ते लिहा.

संकटातही स्थानिक ब्लॉगच कामी येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा मुंबईतल्या ब्लॉगरांनी मदतीचे दूरध्वनी आणि अडकलेल्यांची माहिती एका ब्लॉगवर गोळा केली. ते बहुतेक इंग्रजीत होतं, पण गल्लीबोळ ठाऊक असलेल्या माणसांनी केलेलं होतं.

६. सहा महिने झाले, वीस लेख लिहिले, प्रतिसाद शून्य. काय चुकतंय?

पहिला प्रश्न मी उलटा विचारते. या सहा महिन्यांत तुम्ही दुसऱ्यांच्या ब्लॉगवर किती प्रतिसाद दिले? बहुतेकांचं उत्तर "एकही नाही" असतं.

ब्लॉगचा शेजार आपोआप लाभत नाही, तो जोडावा लागतो. तुमच्या विषयावर लिहिणारे दहा जण शोधा आणि त्यांचे जुने लेख वाचा. "छान" एवढ्यावर थांबू नका. लेखातला कोणता भाग भिडला, कुठे तुमचा अनुभव वेगळा आहे, ते दोन-तीन ओळींत लिहा. प्रतिसादाखाली लगेच स्वतःच्या लेखाचा दुवा चिकटवू नका. लिहिणाऱ्याला तुमच्याविषयी वाटलं तर तो तुमच्या नावावर टिचकी मारतोच. स्वतःच्या लेखात दुसऱ्या मराठी ब्लॉगचा उल्लेख आला तर दुवा द्या. हे महिन्याभरात फळत नाही, वर्ष लागतं. पण असे जोडलेले वाचक दहा वर्षं टिकतात. माझ्या पहिल्या लेखावर ज्या बाईंनी प्रतिसाद दिला होता, त्या आजही वाचतात आणि आवडलं नाही तर तसं सांगतात.

आणखी एक. न बोलणारे वाचक फार असतात. त्यांना 'वाचनमात्र' म्हणतात. प्रतिसाद नाही म्हणजे वाचक नाही, असं धरू नका. ब्लॉगच्या आकडेवारीत एकदा पाहा.

७. पु.ले.शु., +१, गटग, विपू... हे काय आहे?

पु.ले.शु. म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. +१ म्हणजे आधीच्या प्रतिसादाशी सहमत. गटग हा मायबोलीवरचा शब्द, गेट-टुगेदरचं लघुरूप; त्यालाच मिसळपाववर कट्टा म्हणतात. विपू म्हणजे विचारपूस, मायबोलीवर एखाद्या सदस्याला निरोप ठेवण्याची जागा. वाचनमात्र वर आलंच आहे (प्रश्न ६).

८. आमच्या शहरात ब्लॉगरांचा कट्टा भरवायचा आहे. सुरुवात कशी करू?

पाच जण येणार असतील तरी भरवा. सार्वजनिक बाग, उडुपी हॉटेल किंवा वाचनालयाची खोली उत्तम. कोणाच्या घरी पहिली भेट नको. अनोळखी माणसांच्या घरी यायला, विशेषतः बायकांना, संकोच वाटतो आणि तो रास्त आहे. छातीवरच्या चिठ्ठीवर नावाच्या आधी ब्लॉगचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, कारण लोक तुम्हाला त्याच नावाने ओळखतात. "तुम्ही म्हणजे ते होय!" हा क्षण प्रत्येक कट्ट्यावर येतो आणि त्यासाठीच माणसं लांबून येतात.

खर्च टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी. भाषणं ठेवू नका. प्रायोजक शोधू नका. एखाद्याला नवीन ब्लॉग सुरू करून देणं किंवा टंकन शिकवणं असं एखादं काम ठेवलं तर बुजरी माणसंही बोलू लागतात. फोटो काढण्याआधी सगळ्यांना विचारा. टोपणनावाने लिहिणारे असतात आणि त्यांचा चेहरा उघड करणं हा विश्वासघात आहे (प्रश्न ९). वृत्तांत दुसऱ्याच दिवशी लिहा, न आलेल्यांना तो हवा असतो.

९. टोपणनावाने लिहिलं तर चालतं का? कोणी नाव शोधून काढू शकतं का?

चालतं. मराठीत टोपणनावाची परंपरा जुनी आहे. सासर, नोकरी, गावातली भावकी यांच्यामुळे जे स्वतःच्या नावाने लिहिता आलं नसतं, ते अनेकींनी टोपणनावाने लिहिलं आणि ते मोलाचं आहे.

पण टोपणनाव म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. ब्लॉग ज्या खात्यावर आहे त्याची माहिती कंपनीकडे असते आणि कायदेशीर आदेश आला तर ती द्यावी लागते. बदनामीचा कायदा टोपणनावालाही लागू आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. जालावरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्यामुळे त्याची भीती कोणी घातली तर घाबरू नका. दुसऱ्या ब्लॉगरचं खरं नाव कळलं तरी ते तुमच्याजवळच ठेवा.

१०. माझा लेख व्हॉट्सॲपवर माझ्या नावाशिवाय फिरतोय. आता काय करू?

हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या आईवर लिहिलेला लेख मला एका नातेवाइकांनी "बघ किती सुंदर लिहिलंय" म्हणून पाठवला. खाली एका दिवंगत, लोकप्रिय लेखकाचं नाव होतं.

लेख लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार नोंदणी सक्तीची नाही. लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा सांगितला आहे. व्यवहारात मात्र व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर परत आणता येत नाही. करता येतं ते असं : ज्या गटात दिसला तिथे शांतपणे मूळ लेखाचा दुवा आणि तारीख द्या. भांडू नका, पाठवणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसतं. तुमचे वाचकही मग दिसेल तिथे दुवा देऊ लागतात. माझ्या त्या लेखाला नाव परत मिळालं ते असंच, ओळखीच्या ब्लॉगरांनी आपापल्या गटांत सांगितल्यामुळे.

कोणी आपल्या ब्लॉगवर किंवा फेसबुकवर लेख ढापला असेल तर उपाय जास्त आहेत. आधी पडद्याचं चित्र तारखेसह जपून ठेवा. मग त्या माणसाला एक सभ्य निरोप पाठवा. दाद दिली नाही तर ब्लॉगर, फेसबुक यांच्याकडे प्रताधिकाराच्या तक्रारीचा अर्ज असतो, त्यात मूळ लेखाचा आणि नकलेचा असे दोन्ही दुवे द्यावे लागतात. वर्तमानपत्रात न विचारता छापलं गेलं तर संपादकांना लेखी कळवा, दुरुस्ती आणि मानधन दोन्ही मागा. संकोच करू नका.

११. मग मी माझ्या ब्लॉगवर आवडत्या कवीची कविता टाकू शकते का? गूगलवरचे फोटो?

लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार असतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या कविता खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०५९ च्या अखेरपर्यंत हक्क आहे. रसग्रहण करताना चार ओळी उद्धृत करायला हरकत नसते, अख्खी कविता नुसती उतरवणं वेगळं. कवीचं नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. अनुवादालाही परवानगी लागते.

गूगल फोटो दाखवतं, ते त्याच्या मालकीचे नसतात. स्वतः काढलेला अंधुक फोटोही चालेल. पाककृतीचं असं आहे, की भरली वांगी कशी करतात यावर कोणाचा हक्क नाही, पण कोणी ज्या शब्दांत ती सांगितली आणि जो फोटो काढला, त्यावर आहे.

१२. घाणेरडे प्रतिसाद येतात. उडवले तर गळचेपी होते का?

नाही. तुमचं अंगण आहे. मतभेद ठेवा, शिवीगाळ, जातीवरून हिणवणं आणि कोणाचा पत्ता-फोन उघड करणं काढून टाका. नियम आधीच एका नोंदीत लिहून ठेवा, म्हणजे कोणाला वेगळा न्याय लावला असं वाटत नाही. स्वतःवरची कडक टीका मात्र उडवू नका. वाचकांना ते कळतं आणि ते परत येत नाहीत.

१३. मराठी ब्लॉगमधून पैसे मिळतात का?

थोडे, आणि तेही काहींना. जाहिरातींसाठी गूगलने हिंदीला २०१४ मध्ये मान्यता दिली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. पाककृती, शेती, स्पर्धा परीक्षा या विषयांना वाचक जास्त. कोणी वस्तू फुकट देऊन लिहायला सांगितलं तर ते लेखातच स्पष्ट लिहा. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. ललित लेखनातून पोट भरेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

१४. मी सरकारी नोकरीत आहे. ब्लॉग लिहू शकतो का?

साहित्य, प्रवास, निसर्ग यांवर लिहिणारे कितीतरी कर्मचारी आहेत. शासनाच्या धोरणावर टीका आणि कार्यालयीन माहिती उघड करणं मात्र महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये बसत नाही. टोपणनावाने हे नियम टळत नाहीत. शंका असेल तर आस्थापना शाखेत लेखी विचारा.

१५. ब्लॉग एका दिवसात नाहीसा होऊ शकतो का?

होऊ शकतो. जुलै २००६ मध्ये काही मोजकी स्थळं बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच, म्हणजे ब्लॉगर सेवेवरचे सगळे ब्लॉग, अडवलं. अनेकांना काही दिवस स्वतःचाच ब्लॉग दिसेना. हल्लीचा धोका वेगळा आहे : खातं चोरीला जाणं, पासवर्ड विसरणं, विकत घेतलेल्या पत्त्याचे पैसे भरायचे राहणं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.

म्हणून दर दिवाळीला साफसफाई करताना ब्लॉगचीही प्रत काढा. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत सेटिंगमध्ये सगळं लेखन एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, ते वेगळे साठवा. महत्त्वाचे लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जपून ठेवता येतात.

१६. आमच्या ओळखीचे एक ब्लॉगर काका वारले. त्यांच्या ब्लॉगचं काय करायचं?

अलीकडे हा प्रश्न जास्त येतो. पहिल्या फळीतले अनेक जण आता वयस्कर आहेत.

घरच्यांना बहुधा ब्लॉगची कल्पनाच नसते. आधी त्यांना भेटा, काही लेख छापून न्या. एका काकूंच्या हाती आम्ही अशी वही दिली, तेव्हा नवऱ्याने आपल्यावर इतकं लिहिलंय हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्या रात्रभर वाचत बसल्या होत्या. लेखनाचे हक्क आता वारसांचे असतात, त्यामुळे पुस्तक काढायचं किंवा लेख दुसरीकडे घ्यायचे तर त्यांची लेखी संमती हवी. पासवर्ड माहीत असला तरी त्यांच्या नावाने नवं काही लिहू नका. सगळ्या पानांची प्रत काढून घरच्यांना द्या (प्रश्न १५).

आपल्यापुरतं आजच करण्याजोगं आहे. ब्लॉगरमध्ये विश्वासातल्या माणसाला लेखक म्हणून जोडा आणि त्याला व्यवस्थापकाचे अधिकार द्या. गूगल खात्यात निष्क्रिय खात्याची सोय आहे. तीन ते अठरा महिने हालचाल झाली नाही तर खात्यातली माहिती कोणाकडे जावी, हे तिथे दहा जणांपर्यंत नेमून ठेवता येतं.

आणि प्रतिसाद तपासूनच प्रसिद्ध करण्याची अट तुमच्या ब्लॉगवर असेल, तर त्या जोडलेल्या माणसाला ते कसे मंजूर करायचे हेही दाखवून ठेवा. त्या काकांच्या शेवटच्या लेखाखाली आलेले निरोप अकरा महिने अडकून होते. मुलीने खातं उघडलं तेव्हा चाळीसहून अधिक माणसं तिथे थांबलेली होती.